सीएसआरचं काम मागण्याआधी वीजबिलाचा ठराव करा

२०१६ च्या मार्चमधली गोष्ट. २२ तारखेला दुपारी ग्रामपंचायतीत फोन आला. "भाऊसाहेब, ३१ च्या आत बसंल असं एखादं काम आहे का गावात? तीन-साडेतीन लाखांचं." फोन एका कंपनीच्या ॲडमिन खात्यातून होता. सीएसआरचा पैसा, म्हणजे कंपन्यांना नफ्यातून समाजाच्या कामावर कायद्यानं करावा लागणारा खर्च, मार्चअखेर संपवायचा होता. सरपंच समोरच बसले होते. दोघांनी मिळून पाच मिनिटांत डोकं चालवलं आणि सिमेंटचे बाक सांगितले. आठ दिवसांत टेम्पोतून ४२ बाक उतरले. वेशीत, मारुतीपुढं, एसटीच्या थांब्यावर, स्मशानात, जागा दिसेल तिथं मांडले. प्रत्येकाच्या पाठीवर कंपनीचं नाव. फोटो झाले, नारळ फुटला.

गाव सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातलं. त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे जात होती आणि आमच्या गावात बायका त्या नव्या बाकांवर रिकाम्या घागरी मांडून टँकरची वाट बघत होत्या. कंपनीचं काही चुकलं नव्हतं. तिनं विचारलं, आम्ही बाक मागितले.

मी ३१ वर्षं ग्रामसेवक, शेवटी ग्रामविकास अधिकारी. जत, तासगाव, पलूस आणि मग मिरज तालुक्यातून निवृत्त झालो. (आता या पदाला ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात.) अलीकडं सरपंच मंडळी फाइल घेऊन घरी येतात, "भाऊसाहेब, सीएसआरमधनं काय जमतंय का बघा." दरवेळी चहा गार होईपर्यंत तेच सांगत बसतो, म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. गावाच्या बाजूनं लिहितोय, पण कंपनीतल्या एचआरवाल्यांनी वाचलं तरी त्यांचं नुकसान होणार नाही.

कुणाकडं जायचं

आपल्याकडं पहिलं बोट साखर कारखान्याकडं जातं. तिथंच घोटाळा आहे. सीएसआरची सक्ती कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ नं आली, १ एप्रिल २०१४ पासून लागू झाली आणि ती कंपन्यांना आहे. सहकारी साखर कारखाना, सूतगिरणी, दूध संघ हे सहकार कायद्याखालचे. त्यांना हे कलम लागत नाही. खासगी कारखाना कंपनी म्हणून नोंदलेला असेल तर लागतं. सहकारी कारखान्याकडं मागायचं असेल तर सभासद म्हणून चेअरमनसाहेबांकडं जाऊन मागा, मिळेलही. पण तिथं कलम १३५ चा कागद पुढं करू नका. मी केलंय एकदा. चेअरमन हसले आणि कागद त्यांच्या पीएला वाचायला दिला.

कंपन्या तरी सगळ्या नाहीत. आदल्या वर्षी ५ कोटी निव्वळ नफा, किंवा १,००० कोटींची उलाढाल, किंवा ५०० कोटींची नक्त मालमत्ता, यातलं एक तरी असलं की ती कक्षेत आली. तिनं मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के खर्च करायचे. सरासरी नफा ८ कोटी असला तर १६ लाख. हा आकडा आधी मनात धरा, कारण त्या १६ लाखांवर आजूबाजूची सगळी गावं, दोन हायस्कुलं आणि एखादं सरकारी रुग्णालय नजर लावून असतं. कुपवाड किंवा पलूसच्या एमआयडीसीत दहा कामगारांवर चालणाऱ्या शेडवाल्याकडं "तुमचा सीएसआर द्या" म्हणून जाणं म्हणजे त्या बिचाऱ्याला घाम फोडणं. तो देणगी देईल, ती त्याची खुशी.

कोण कुठं किती खर्च करतं हे बघायला आता कुणाच्या पाया पडावं लागत नाही. केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या सीएसआर पोर्टलवर कंपनीवार आणि जिल्हावार आकडे असतात. शिवाय ज्या कंपनीची वेबसाइट आहे तिनं सीएसआर धोरण आणि मंजूर प्रकल्प तिथं टाकायलाच पाहिजेत. गावातल्या एखाद्या बी.कॉम. झालेल्या पोराला एक संध्याकाळ बसवा, यादी तयार होते. ज्या कंपनीनं तीन वर्षं नुसतं शाळांवर खर्च केलाय तिच्याकडं बंधारा मागायला जायचं नाही, एवढं कळलं तरी निम्मी पायपीट वाचते.

कारखाना जवळ नसलेल्या गावांचं काय? कायदा म्हणतो, कंपनीनं आपल्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं. प्राधान्य म्हटलंय, सक्ती नाही. जत, आटपाडी, कवठेमहांकाळकडच्या गावांनी माळावर नजर टाकावी, पवनचक्क्या आहेत. मात्र पात्यावर किंवा खोक्यावर ज्याचं नाव दिसतं तो मालक असेलच असं नाही. बनवणारा एक, मालक भलताच असतो. ग्रामपंचायतीच्या कर आकारणीच्या नोंदवहीत मालकाचं नाव सापडायला पाहिजे. नसेल तर तुमची वसुलीही चुकीची चाललीय, ते आधी बघा.

काय मागायचं, काय नाही

कंपनी कायद्याला सातवी अनुसूची आहे. पिण्याचं पाणी, स्वच्छता, आरोग्य, शिक्षण, उपजीविका, पर्यावरण, ग्रामीण खेळ, ग्रामविकास, वारसा जतन, आपत्ती व्यवस्थापन असं बरंच त्यात बसतं. देवळाचा सभामंडप, यात्रेची वर्गणी, कुस्त्यांच्या मैदानाचं बक्षीस, नेत्याच्या वाढदिवसाची स्पर्धा बसत नाही. जुनं हेमाडपंती देऊळ असेल तर वारशाच्या कलमातून दार उघडतं, पण त्याचे कागद वेगळे आणि वेळ जास्त.

आणखी एक गोष्ट सरपंचांना सहसा माहीत नसते. जे काम कंपनीला दुसऱ्या कायद्यानं करावंच लागतं ते सीएसआर होत नाही. सांडपाणी शुद्ध करूनच सोडणं हे तिचं बंधन आहे. ओढ्यात रंगीत पाणी येत असताना कंपनी शाळेला संगणक देऊ करत असेल तर संगणक घ्या आणि ओढ्याची तक्रारही प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं चालू ठेवा. या दोन फाइली एका दोरीत बांधायच्या नाहीत. तसंच घरपट्टीची थकबाकी, गावातल्या पोरांना नोकऱ्या आणि सीएसआर हे तीन विषय एका बैठकीत काढू नका. मी एका सरपंचांबरोबर गेलो होतो. त्यांनी तिन्ही काढले. कंपनीच्या माणसानं तिन्ही वहीत लिहून घेतले. वही अजून त्याच्याकडंच असेल.

मग नक्की काय मागायचं? ग्रामपंचायत विकास आराखड्यात जे आधीच आहे ते. आराखडा दरवर्षी आपण करतो, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून त्याची गडबड सुरू होते, मग तो अपलोड होतो आणि कपाटात जातो. त्यात पंधरा कामं असतात आणि वित्त आयोगाचा पैसा सहा कामांना पुरतो. उरलेली नऊ ही तुमची सीएसआरची यादी. ग्रामसभेनं मंजूर केलेली, वाद झालेली, वाद मिटलेली. मार्चमध्ये फोन आला तर ती यादी टेबलाच्या काचेखाली पाहिजे. आमच्याकडं ती असती तर २०१६ ला बाकांऐवजी गावाला साठवण टाकी आली असती.

देखभालीचं पान

आता मुख्य गोष्ट. अर्जात लोक काय लिहितात? गावाचा इतिहास, लोकसंख्या, थोर पुरुष, मग "तरी आपण सहकार्य करावे ही नम्र विनंती." कंपनीला यातलं काही लागत नाही. काम झाल्यावर पुढच्या दहा वर्षांचा खर्च कोण करणार, हे तिला कळायला हवं असतं. आणि हे पान अर्जात नसतं.

हे मला पलूस तालुक्यात कळलं. २०१९ च्या महापुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसं गेली, ते सगळ्यांना माहीत आहे. त्यानंतर नदीकाठच्या प्रत्येक गावाला बोट पाहिजे होती. मी तेव्हा ज्या गावाला होतो तिथं एका दात्या कंपनीनं इंजिनाची बोट, लाइफ जॅकेटं, दोर, सगळं दिलं. चावी माझ्या हातात देतानाचा फोटो आहे. बोट कुठं ठेवायची ते ठरलं, शाळेच्या मागच्या शेडमध्ये. महिन्यातून एकदा इंजिन कोण फिरवणार, पेट्रोल कोणत्या खात्यातून, चालवायला कोण शिकणार, हे ठरलं नाही. जुलै २०२१ ला पाणी चढायला लागलं तेव्हा इंजिन जाम होतं आणि दोन जॅकेटं उंदरांनी कुरतडलेली. माणसं वेळेत हलवली होती म्हणून निभावलं. दोष कंपनीचा नव्हता, माझा होता. मी मासिक सभेत विषयच घेतला नव्हता.

त्यानंतर मिरज तालुक्यातल्या शेवटच्या गावात प्राथमिक शाळेला स्वच्छतागृह आणि हात धुण्याची जागा मागायची ठरली. या वेळी अर्ज लिहायच्या आधी मी आणि सरपंचबाई हिशोबाला बसलो. साफसफाईला एक बाई, महिना १,५०० म्हणजे वर्षाला १८,०००. मोटरचं वीजबिल महिना ५०० धरून ६,०००. फिनेल, ब्रश, झाडू ३,०००. नळ, फ्लोट, किरकोळ दुरुस्ती ३,०००. झाले ३०,०००. हे कुठून आणायचे? ग्रामपंचायतीचे दोन गाळे होते, एक सलूनला आणि एक झेरॉक्सवाल्याला दिलेला. दोन्हींचं भाडं मिळून ३६,०००. बसलं.

पुण्याहून कंपनीच्या सीएसआर खात्याच्या एक बाई आल्या. फाइल चाळताना फोटोंवरून त्यांचा हात सरळ पुढं गेला आणि या पानावर थांबला. त्यांनी एकच विचारलं, "गाळा रिकामा राहिला तर?"

आम्ही गप्प. सरपंचबाई तोऱ्यात म्हणाल्या, "मग मी माझ्या मानधनातनं घालीन!" आम्हाला वाटलं कंपनीच्या बाई खूश होतील. त्या म्हणाल्या, "तुमची मुदत संपल्यावर?" आणि फाइल परत दिली. ठरावात दुसरी सोय लिहून आणा म्हणाल्या. आम्ही पुढच्या ग्रामसभेत लिहिली. तोच ठराव खाली देतोय, नावं काढून, तुमच्या गावाला बेतून घ्या:

"विषय क्र. ५. जि. प. प्राथमिक शाळेत सीएसआर निधीतून होणाऱ्या स्वच्छतागृहाच्या देखभालीबाबत. ठराव: सदर बांधकाम हस्तांतरित झाल्यानंतर साफसफाई, वीजबिल व देखभाल-दुरुस्तीसाठी दरवर्षी रु. ३०,०००/- ची तरतूद ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात करण्यात यावी. सदर खर्च ग्रामपंचायत मालकीच्या दोन गाळ्यांच्या भाड्यातून भागवावा. गाळे रिकामे राहिल्यास अथवा भाडे थकल्यास येणारी तूट सामान्य करवसुलीतून भागवावी. देखरेख शाळा व्यवस्थापन समितीने करावी व दर तीन महिन्यांनी मासिक सभेस अहवाल द्यावा. ठराव सर्वानुमते मंजूर."

खाली सूचक, अनुमोदक, सही, शिक्का. साधा ठराव आहे, पण "सर्वानुमते" लिहायच्या आधी गाळ्याच्या भाड्यावर पाऊण तास भांडण झालं. झेरॉक्सवाल्याची तीन महिन्यांची थकबाकी त्याच भांडणात वसूल झाली, हा वरचा फायदा.

पाण्याच्या कामाला हिशोब आणखी कडक धरा. आरओ प्लँट (खारं पाणी गोड करणारं यंत्र) मागणाऱ्या गावांना मी आधी विचारतो, नाकारलेलं पाणी कुठं सोडणार? यंत्र जेवढं गोड पाणी देतं, जवळजवळ तेवढं, कधी त्याहून जास्त खारं पाणी बाहेर टाकतं. दुष्काळी गावात ते गटारीला सोडलं तर लोक दारात येतील. मेंब्रेन, म्हणजे यंत्रातला गाळणीचा पडदा, दोन-तीन वर्षांत बदलावा लागतो, त्याचे पैसे पहिल्या दिवसापासून बाजूला पडले पाहिजेत. २० लिटरच्या जारला पाच रुपये घ्यायचे की सात, हे प्लँट यायच्या आधी ग्रामसभेत ठरवा. आल्यावर ठरवायला गेलात तर निवडणुकीचा विषय होतो. वित्त आयोगाचा बंधित निधी पाणी आणि स्वच्छतेसाठीच असतो, देखभालीला त्याचा आधार घेता येतो, पण त्यासाठी ते काम आराखड्यात पाहिजे. म्हणून आराखडा, आराखडा करत बसतो मी.

कागद

इथं थोडक्यात सांगतो, कारण गटविकास अधिकारी कार्यालयात गेलात की बाकीचं आपोआप कळतं.

जागा कुणाची ते आधी. शाळेची जागा जिल्हा परिषदेची असेल तर शिक्षण विभागाचं ना हरकत लागतं. गायरान सरकारचं असतं, ग्रामपंचायतीचं नव्हे. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय तिथं वीटसुद्धा ठेवू नका. सातबारा ताजा काढा. अंदाजपत्रक पंचायत समितीच्या शाखा अभियंत्याकडून जिल्हा दरसूचीप्रमाणं करून घ्या. कंपनीचा आर्किटेक्ट स्वतःचं करेल, दोन्हींत फरक येईल, पण तुमच्या हातात आकडा असला की बोलता येतं. आणि हेच काम दुसऱ्या कुठल्या योजनेत मंजूर नाही, असा दाखला घ्या. एका गावात सीएसआरमधून रस्त्याला पेव्हर बसले आणि तीन महिन्यांनी पाणी योजनेची पाइपलाइन टाकायला तोच रस्ता उकरला.

पैसा ग्रामपंचायतीच्या खात्यात येईल असं धरून चालू नका. कंपनी एक तर स्वतः काम करते, नाही तर नोंदणीकृत संस्थेमार्फत. त्या संस्थेकडं प्राप्तिकर खात्याची १२-ए आणि ८०-जी नोंदणी पाहिजे, तीन वर्षांचा अनुभव पाहिजे आणि एप्रिल २०२१ पासून सीएसआर-१ फॉर्म भरून मिळालेला नोंदणी क्रमांकही पाहिजे. म्हणून "आपणच एक ट्रस्ट काढू" ही कल्पना सोडून द्या, तीन वर्षं थांबावं लागेल. तालुक्यात जुनी, हिशोब चोख असलेली संस्था शोधा. तिचा प्रशासकीय खर्च किती हे आधी विचारून घ्या, कारण सीएसआर खर्चाच्या ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या प्रशासकीय खर्चाला आहे, संस्थेच्या नाही.

"निधी मंजूर करून देतो, आधी दोन टक्के द्या" म्हणणारा माणूस गावात आला तर त्याला चहा पाजा आणि एसटीत बसवून द्या. सीएसआर देणारी कंपनी गावाकडून पैसे घेत नाही. असे सफारीतले तीन जण माझ्या नोकरीत येऊन गेले. एकाकडं तर मंत्रालयाच्या शिक्क्याचं पाकीटही होतं.

काम संपलं की हस्तांतरण. २०२१ च्या नियमांनुसार सीएसआरमधून उभी राहिलेली मालमत्ता कंपनीला स्वतःच्या नावावर ठेवता येत नाही. ती सार्वजनिक प्राधिकरणाकडं, पात्र संस्थेकडं किंवा लाभार्थ्यांच्या गटाकडं गेली पाहिजे. म्हणजे ग्रामपंचायतीनं हस्तांतरणपत्र मागून घ्यायचं आणि त्याच आठवड्यात मालमत्ता नोंदवहीत नोंद करायची. नोंद नसलेल्या वस्तूवर खर्च टाकला की लेखापरीक्षणात शेरा येतो, मग पुढचा ग्रामसेवक हात आखडता घेतो आणि नळ गळत राहतो.

जायचं कधी आणि कसं

मार्चची वाट बघू नका. मार्चला कंपनीचा पैसा असतो, वेळ नसतो. खर्च न झालेला पैसा कायद्यानं ठरलेल्या निधीत भरावा लागतो, म्हणून घाई असते आणि घाईत बाक येतात. संचालक मंडळ वर्षाचा आराखडा साधारण आर्थिक वर्षाच्या सुरुवातीच्या महिन्यांत ठरवतं, म्हणून त्याआधीच डिसेंबर-जानेवारीत जाऊन बसा. मोठं काम असेल तर ते "चालू प्रकल्प" म्हणून घ्यायला सांगा. सुरू झालेल्या वर्षाशिवाय आणखी तीन वर्षं मिळतात. एका पावसाळ्यात न होणारी कामं, ओढ्याचं खोलीकरण, क्षारपड जमिनीचा निचरा, ही त्यातच करण्यासारखी.

पहिल्यांदा कारखान्यातल्या एचआर किंवा ॲडमिनच्या माणसाला भेटा. निर्णय पुण्या-मुंबईला होतो, पण फाइल याच्या टेबलावरून वर जाते. दहा जण जाऊ नका. सरपंच, ग्रामसेवक आणि ज्यांचं काम आहे त्यांच्यातलं एक माणूस. शाळेचं असेल तर मुख्याध्यापिका, पाण्याचं असेल तर पाणी सोडणारा कर्मचारी. त्याला व्हॉल्व्ह कुठं गळतो ते सरपंचापेक्षा जास्त माहीत असतं. हार-शाल नेऊ नका. अर्ज दोन पानांचा, पहिल्या पानावर काम आणि आकडा, दुसऱ्यावर देखभाल.

आणि गावाचा वाटा दाखवा. २००० साली तासगावच्या आर. आर. आबांनी संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान काढलं तेव्हा आम्ही सरकारच्या पैशाविना गावं झाडून काढली होती. श्रमदान आपल्याला नवीन नाही. स्वच्छतागृहाच्या कामात पाया खोदाई आणि मुरूम गावानं दिला. किंमत फार नव्हती, पण कंपनीच्या बाईंनी ती ओळ त्यांच्या अहवालात घेतली.

काम झाल्यावर सहा महिन्यांनी एक पत्र पाठवा, ही माझी शेवटची सूचना. आभाराचं नको, हिशोबाचं. आम्ही पाठवलं होतं: "आठ नळांपैकी दोन चोरीस गेले. एक बसवला, दुसरा पुढील महिन्यात बसवू. साफसफाईचे सहा महिन्यांचे ९,००० अदा. वीजबिलाची पावती सोबत." सरपंचबाई म्हणत होत्या, चोरीचं कशाला लिहिता भाऊसाहेब, गावाची लाज जाते. मी लिहिलं.

कंपनीच्या बाईंचा पुढचा फोन एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात आला. अंगणवाडीचं काही आहे का यादीत, असं विचारत होत्या. तोवर मी निवृत्त झालो होतो. मी त्यांना सरपंचबाईंचा नंबर दिला आणि सरपंचबाईंना फोन करून सांगितलं, दुसरं पान आधी करा.